सत्राचा खर्च

आर्णी तालुक्यातल्या एका तांड्यावर लसीकरणाचं सत्र अंगणवाडीत भरतं. मोटारसायकलवरून व्हॅक्सिन कॅरियर आला. सिस्टरांनी तो उन्हापासून दूर ठेवला आणि आधी कुपी उजेडात धरली. कुपीवर एक गोल, गोलात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली; दोन्हींचा रंग सारखा झाला की कुपी बाद. मग लेबल. तेही मोठ्याने वाचून. शेजारच्या घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरीला ३१ जानेवारी २०२१ रोजी बारा लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. लेकरं वाचली, पण ही आठवण या भागात अजून ताजी आहे.

लस केंद्र सरकार देतं. ती पुणे, अकोला, यवतमाळ अशी थंडीतून, २ ते ८ अंशांत उतरत आरोग्य केंद्रात येते. सत्रांचा, वाहतुकीचा, आशांच्या मोबदल्याचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो. त्यात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. हा पैसा तांड्यावर पोचतो तेव्हा त्याचे आकडे फार लहान होतात. लेकरं सत्राला गोळा करायचे आशाताईला १५० रुपये. बाळाच्या पहिल्या वर्षातल्या सगळ्या लसी पूर्ण झाल्या की १००. दुसऱ्या वर्षातल्याही झाल्या की ७५.

मला खटकतं ते ‘पूर्ण’. बाळाच्या सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला आशाताई दारात जाते. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलासाठी पुन्हा. मधेच दिवाळी उलटते आणि अख्खं घर ऊसतोडीला, नाही तर पुण्याकडे बांधकामावर निघून जातं. आधीच्या सगळ्या फेऱ्या झालेल्या असतात, पण शंभर रुपये लागू होत नाहीत. राज्याने नोव्हेंबर २०२३ पासून आशांना दरमहा पाच हजारांची वाढ दिली, तीही संप केल्यावर. कामाच्या या तुकड्यांचा हिशेब मात्र तसाच आहे.

पैसा नाही म्हणून लसीकरण अडतं, असं आपण सरसकट म्हणतो. कोरोनात उलटं घडलं. २८ एप्रिल २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने १८ ते ४४ वयोगटाला मोफत लस द्यायचं ठरवलं. खर्चाचा अंदाज सुमारे साडेसहा हजार कोटींचा. एकरकमी चेक द्यायची तयारी होती, लस नव्हती. मे महिन्यात त्या वयोगटाचं लसीकरण थांबवून कोव्हॅक्सिनचा साठा ४५ वर्षांवरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवावा लागला. २१ जूनपासून खरेदी पुन्हा केंद्राकडे गेली.

तांड्यावर आज लस भरपूर आहे. आया कमी आहेत, कारण कापूस वेचणीला आला आहे आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळते. आशाताई वावराच्या धुऱ्यावर उभी राहून हाका मारते. एक बाई तासातून मान वर करून म्हणते, “ताई, सुई टोचली का पोरगं रातभर तापते. मंग उद्या बी वावर बुडते माह्यं.” खोटं काहीच नाही त्यात. दोन दिवसांची मजुरी हा लसीकरणाचा खर्चच आहे. तो कुठल्याही अंदाजपत्रकात नाही, बाईच्या पदरातून जातो.

तरी ती बाई आली, ओढणीला कापसाचे तंतू चिकटलेले. नऊ महिन्यांचं एकच लेकरू, आणि गोवर-रुबेलाच्या एका कुपीत अनेक डोस. पावडरीत द्रावण मिसळलं की चार तासांत कुपी संपवायची, उरलं ते टाकून द्यायचं. सिस्टरांनी क्षणभरही विचार न करता कुपी फोडली. नियमच तसा आहे, एका लेकरासाठीही फोडायची. आणि खर्चाच्या सगळ्या नियमांत मला हा सर्वांत शहाणा वाटतो. वाया गेलेल्या डोसांपेक्षा परत न आलेली आई महाग पडते.

टोचल्यावर अर्धा तास बसवून घेतात. ती बसली, पण नजर वावराकडे. सिस्टरांनी कार्डावर तारीख घातली, तापाचं औषध दिलं, कार्ड जपून ठेवायला सांगितलं. पुढचा डोस सोळाव्या महिन्यानंतर. तोवर हे घर कुठे असेल, हे घरालाही माहीत नाही. कार्ड दाखवलं तर पुण्यातही लस मोफत मिळेल, असं आशाताईने तिला दोनदा बजावलं आणि नवऱ्याचा नंबर वहीत उतरवून घेतला. अशा गावाबाहेर गेलेल्या घरांना ती महिन्याला फोन करते. रिचार्ज तिचाच.