नाचाचं संगीत, बसून ऐकताना

आरामखुर्चीत एक यंत्रमानव रेलून बसलाय. धुराची वलयं सोडत तंद्रीत हरवलाय. पायाशी तबकड्यांची कव्हरं पसरली आहेत. निरखून पाहिलं तर त्यांतलं एक पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’चं आणि दुसरं क्राफ्टवेर्कच्या ‘आउटोबान’चं. शेफील्डच्या वॉर्प कंपनीने १९९२ साली काढलेल्या ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या संकलनाचं हे मुखपृष्ठ. रात्रभर नाचून घरी परतलेल्या माणसाने पहाटे काय ऐकावं, या प्रश्नाला कंपनीने दिलेलं हे सचित्र उत्तर होतं. ज्या संगीताचा जन्मच पाय हलवण्यासाठी झाला, ते खुर्चीत बसून ऐका, असं सांगणारं.

यात विसंगती आहेच. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचं खरं चलन अल्बम नव्हे, सुटा ट्रॅक. शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये डीजेच्या हाती असायची बारा इंची तबकडी, एका बाजूला एकच ट्रॅक. त्यामागे साधं तांत्रिक कारण होतं. बेसचा भरदार आवाज कोरायला खाच रुंद लागते. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं कोंबली की खाचा दाटीवाटीने बसतात आणि आवाज बारीक होतो. एकच ट्रॅक ऐसपैस कोरला की बेस छातीवर आदळतो. सुरुवात कुठे, उत्कर्ष कुठे, लोकांना दम कधी खाऊ द्यायचा, हे सगळं डीजे ठरवणार. ट्रॅक म्हणजे त्याच्या हातातली वीट. मग त्याच विटा एका कव्हरात भरून दुकानात ठेवल्या, तर त्याला घर म्हणायचं का? बहुतेक डान्स अल्बम इथेच फसतात. दोन गाजलेले ट्रॅक, बाकी भरताड. पण जे फसले नाहीत, त्यांनी डीजेचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. तासाभराचा वेळ कसा रचायचा, याचा विचार केला.

असा विचार करणाऱ्यांत क्राफ्टवेर्क फार आधीचे. १९७४ च्या ‘आउटोबान’मध्ये शीर्षक रचनेने तबकडीची एक अख्खी बाजू व्यापली आहे, बावीस मिनिटांहून थोडी जास्तच. मोटार सुरू होते, हमरस्त्याला लागते, आणि तो एकसुरीपणाच हळूहळू सुखाचा होतो. १९७७ साली म्युनिकमध्ये निर्माता जॉर्जिओ मोरोडर आणि गायिका डोना समर यांनी ‘आय फील लव्ह’ केलं. ते एकटंच इतकं गाजलं की ज्या अल्बममधून ते आलं त्याची कल्पना विसरली गेली. ‘आय रिमेंबर यस्टरडे’ हा अल्बम जुन्या दशकांच्या शैलींमधून फिरत येतो आणि हे शेवटचं गाणं म्हणजे भविष्यकाळ. आधीची गाणी ऐकून मग तिथे पोहोचलं की मूग सिंथेसायझरचा तो धावता बेस आजही दचकवतो.

पण ‘एकच गोष्ट तासभर’ या वेडाचा खरा नमुना बर्लिनचा. १९८१ च्या डिसेंबरमधली एक संध्याकाळ. मान्युएल ग्युटशिंग हा गिटारवादक आपल्या घरच्या स्टुडिओत यंत्रं जुळवून बसला. प्रवासात वॉकमनवर ऐकायला काहीतरी हवं, एवढाच हेतू. एका बैठकीत, न थांबता, न खोडता, जवळपास तासभर वाजवलं. दोनच कॉर्ड आलटून पालटून येत राहतात. ठेका कुठेही उसळत नाही. बारीक घंटेसारखा एखादा स्वर येतो, चार आवर्तनं राहतो, निघून जातो. तासाच्या उत्तरार्धात कधीतरी गिटार येते आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं की आतापर्यंत तिची उणीव भासलीच नव्हती. १९८४ साली हे रेकॉर्डिंग ‘ई२-ई४’ या नावाने तबकडीवर आलं. बुद्धिबळातल्या सर्वांत रुळलेल्या पहिल्या चालीचं नाव. पुढे १९८९ मध्ये इटलीतल्या ‘सुएन्यो लातिनो’ या ट्रॅकने त्याचा तुकडा उचलला आणि बसून ऐकायचं ते संगीत पुन्हा नाचायच्या जागी जाऊन पोहोचलं.

विलंबित ख्याल ऐकलेल्या कानाला हे काही परकं वाटू नये. तिथेही पहिली पंधरा मिनिटं ‘काहीच होत नाही’, असं नवख्याला वाटतं. फरक इतकाच की गवई सूर वाढवत नेतो आणि इथे पोत वाढत जातो. आवाजाचा खरखरीतपणा, उजेड, जाडी. चाल शोधत बसणाऱ्याचा यात हमखास विरस होतो.

बर्लिनमध्ये ग्युटशिंगचं रेकॉर्डिंग पडून होतं, त्याच सुमारास मुंबईत एक वेगळाच उद्योग चालला होता. चरणजीत सिंग हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे कसलेले वादक. ‘कुर्बानी’नंतर हिंदी सिनेमाला डिस्कोची लागण झाली होती आणि रोज स्टुडिओत तोच ठेका ऐकू येत होता. सिंग यांनी मग रोलँड कंपनीची तीन यंत्रं एकत्र जोडली: ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसयंत्र. तबला बाजूला ठेवला, डिस्कोचा ठेका धरला आणि त्यावर राग वाजवले. ललत, तोडी, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस धरून एकूण दहा. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’ हा अल्बम १९८२ साली एचएमव्हीने काढला. खपला नाही. विसरला गेला.

आता टीबी-३०३ ची गोष्ट ऐकण्यासारखी. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून रोलँडने ते बनवलं. आवाज खऱ्या बेसच्या जवळपासही जात नव्हता. १९८४ पर्यंत उत्पादन बंद पडलं आणि डबडी जुन्या बाजारात पडेल किमतीला मिळू लागली. शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाच्या हाती त्यातलंच एक लागलं. खुंट्या वाटेल तशा पिळल्यावर ते चिरकू लागलं, आणि १९८७ साली ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आला. तिथून अ‍ॅसिड हाउस ही नृत्यसंगीताची शाखा फुटली. म्हणजे ज्या घसरत्या, ओल्या आवाजाने शिकागोने जग हलवलं, त्याच यंत्रावर पाच वर्षं आधी मुंबईत राग वाजले होते. त्यातही गंमत अशी की ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आपल्याकडे तिला मींड म्हणतात.

२०१० मध्ये एका डच संग्राहकाने हा अल्बम पुन्हा काढल्यावर ‘अ‍ॅसिड हाउसचा जनक मुंबईत’ असे मथळे झळकले. ते खरं धरू नये. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकली होती, याला काही आधार नाही. एकच यंत्र दोन शहरांत दोघांच्या हाती पडलं, इतकंच. पण जनकत्वाच्या या वादात अल्बम ऐकायचा राहून जातो. रागांची बढत त्यात नाही. पाच-पाच मिनिटांत ती होणारही नाही. तरी ठेका न हलता खाली चालू राहतो आणि वर मेघमल्हार उतरतो, तेव्हा यंत्राला घाम फुटल्यासारखं वाटतं. सिंग यांना उतारवयात युरोपातल्या रंगमंचांवर हे पुन्हा वाजवायला मिळालं. २०१५ साली मुंबईत ते गेले.

गोव्याची कथा याच्या उलट. तिथे आधी रात्र होती, अल्बम मागून आले. हणजूणच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत तबकड्या चालत नसत. उन्हाने वाकायच्या, वाळूने खराब व्हायच्या. म्हणून कॅसेट आणि पुढे डॅट ही डिजिटल टेप. डॅटवर दोन ट्रॅकांची लय हाताने जुळवता येत नाही. परिणामी ट्रॅकच असे बनू लागले की सुरुवातीला आणि शेवटाला लांब, शांत मोकळी जागा, मध्ये थरावर थर. गोवा ट्रान्सचा तो ओळखीचा आकार काही अंशी या टेपची देणगी. हॅल्युसिनोजेन या नावाने सायमन पॉसफर्डने १९९५ साली केलेला ‘ट्विस्टेड’ हा त्या घराण्यातला बसून ऐकावा असा अल्बम. नंतर ‘गोवा’ हे नाव जगभर शेकडो संकलनांच्या कव्हरांवर चिकटवलं गेलं. त्यांतली पुष्कळशी ऐकून किनारा सोडाच, पार्किंगही आठवत नाही.

ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात मात्र अल्बमला खरंच बहर आला. केएलएफचा ‘चिल आउट’ (१९९०) म्हणजे टेक्सासपासून लुइझियानापर्यंतचा रात्रीचा काल्पनिक प्रवास. त्यात मेंढ्याही ओरडतात. द ऑर्बने १९९२ मध्ये ‘ब्लू रूम’ नावाचा ‘सिंगल’ काढला तो एकोणचाळीस मिनिटं सत्तावन्न सेकंदांचा, कारण चाळीस मिनिटांपुढे गेल्यास विक्रीच्या यादीत सिंगल म्हणून धरत नसत. तो पहिल्या दहांत गेला. मग ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात बोलावणं आलं, तर ही मंडळी वाजवण्याऐवजी बुद्धिबळ खेळत बसली. पुन्हा बुद्धिबळच! अंडरवर्ल्ड, लेफ्टफील्ड, ऑर्बिटल यांचे अल्बम याच काळातले. गोल्डीच्या ‘टाइमलेस’चा (१९९५) शीर्षक ट्रॅक एकवीस मिनिटांचा, ड्रम अँड बेसच्या दुडक्या, तुटक तालावर तंतुवाद्यांचा मोठा पडदा टाकणारा.

सरकारलाही हे संगीत ऐकावं लागलं. रानावनातल्या रेव्ह पार्ट्या रोखण्यासाठी १९९४ मध्ये जो फौजदारी कायदा आला, त्यात अशा संगीताची ओळख ‘एकामागून एक पुनरावृत्त होणारे ठोके’ अशी केली होती. विधेयक संसदेत असतानाच ऑटेकर या जोडीने एक रेकॉर्ड काढून त्यातला एक ट्रॅक असा रचला की कुठल्याही दोन आवर्तनांतले ठोके सारखे नाहीत. वर चिठ्ठी डकवली: वाजवताना वकील आणि संगीततज्ज्ञ जवळ असू द्यावा.

फ्रान्सच्या डाफ्ट पंक या जोडीबद्दल एवढं लिहिलं गेलंय की इथे एकच वाद उकरायला हरकत नाही. २०१३ च्या ‘रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज’ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्यात मोरोडर स्वतःची कहाणी सांगतो. ती ध्वनिमुद्रित करायला वेगवेगळ्या काळांतले मायक्रोफोन मांडले होते. फरक कोणाला कळणार, तर त्या दोघांना. कारागिरी अशी बारीक. तरीही २००१ चा ‘डिस्कव्हरी’ सरस. तिथे जुन्या डिस्कोच्या तुकड्यांतून नवं सुख निर्माण होतं. इथे जुन्या डिस्कोचं संग्रहालय उभं राहतं, वातानुकूलित.

अलीकडच्यांपैकी तीन नावं तरी घ्यायलाच हवीत. लंडनच्या बरियलचा ‘अनट्रू’ (२००७) ठोके मोजून बसवणाऱ्या सॉफ्टवेअरशिवाय, नुसत्या ध्वनिलहरींचं चित्र डोळ्यांनी पाहून जुळवलेला. म्हणून त्याचा ताल किंचित लंगडतो, पावसात शेवटच्या बसची वाट पाहणाऱ्या माणसासारखा. जॉन हॉपकिन्सचा ‘इम्युनिटी’ (२०१३) दाराच्या कुलपात किल्ली फिरल्याच्या आवाजाने उघडतो आणि रात्र तापवून शेवटी पियानोपाशी आणून सोडतो. आणि फोर टेट, म्हणजे किरन हेब्डन. त्याची आई भारतीय वंशाची. आजोबांच्या भारतीय तबकड्या त्याच्याकडे आल्या. २०१५ च्या ‘मॉर्निंग/इव्हनिंग’मध्ये दोनच रचना, वीस-वीस मिनिटांच्या. सकाळच्या बाजूला टिकटिकत्या ठेक्यावर अचानक लता मंगेशकरांचा आवाज तरंगत येतो, ‘सौतन’ चित्रपटातल्या गाण्यातला. रीमिक्स म्हटलं की आपल्याकडे कपाळाला आठी पडते. इथे आवाजाला हात न लावता त्याच्याभोवती जागा मोकळी केली आहे.

महाराष्ट्रात ‘डीजे’ म्हणजे माणूस नव्हे, ट्रकवरची स्पीकरांची भिंत; कोल्हापूर-सांगलीकडे तिलाच डॉल्बी म्हणतात. विसर्जनाच्या मिरवणुकीने काचा थरथरल्या की या सगळ्या संगीताबद्दलच चीड येते, आणि ती रास्त आहे. पण त्या भिंतीला एक गोष्ट ठाऊक असते, जी मोबाइलला नसते: बेस ही कानाइतकीच अंगाने ऐकायची गोष्ट आहे. चाळीस-पन्नास हर्ट्‌झचा तळ मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. फोनवर ऐकून ‘नुसतं टिकटिक आहे’ म्हणणाऱ्याने खरंच नुसती टिकटिक ऐकलेली असते.

म्हणून बरा हेडफोन घ्यावा. महागडाच हवा असं नाही. ट्रॅक उलटसुलट लावू नयेत, ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने ऐकावेत. आवर्तनं मोजायची सवय असेल तर सोनं: मिनिटाला १२८ ठोक्यांच्या लयीत चार मात्रांची सोळा आवर्तनं बरोबर अर्ध्या मिनिटात होतात, आणि नवं काही घडतं ते बहुधा त्या समेवर. सुरुवात मात्र ‘ई२-ई४’पासूनच करावी. तासभराचा ऐवज आहे. फराळाचं ताट समोर असलं तरी चालेल, फोन तेवढा दुसऱ्या खोलीत ठेवा.