किडनी बदलली, तब्येत सुधारली. तरी गोळ्या सोडू नका

किडनी बदललेला माणूस शहापूर-मुरबाडकडे घरी परतला की भेटायला येणारे दोन सल्ले हमखास देतात. 'आता बरा आहेस ना, किती दिवस गोळ्या खाणार?' आणि 'गुळवेलाचा काढा घे, प्रतिकारशक्ती वाढेल.' हे दोन्ही सल्ले नव्या किडनीच्या मुळावर येऊ शकतात.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी राखणदाराचं काम करतात. बाहेरचं जे येईल त्यावर त्या तुटून पडतात. मग तो जंतू असो की सख्ख्या आईने दिलेली किडनी. 1954 साली बोस्टनमध्ये पहिली किडनी टिकली, कारण ती हुबेहूब जुळ्या भावाची होती. इतरांसाठी आधी रक्तगट, एचएलए आणि क्रॉसमॅच तपासतात. पण कितीही जुळलं तरी राखणदाराला आवरणाऱ्या गोळ्या लागतातच. त्यात बहुतेकांना टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट असतात, सोबत स्टेरॉइड. किडनी चालू आहे तोवर त्या घ्यायच्या. बरं वाटतंय ते त्यांच्यामुळेच. आणि काढा? ज्याला आपण आवरतोय, त्यालाच तो चिथावणार!

टॅक्रोलिमसची साधी गोळी दर 12 तासांनी, ठरल्या वेळेला घ्यायची असते. रक्तातलं तिचं प्रमाण घटलं तर शरीर किडनी नाकारतं, फार वाढलं तर किडनीलाच इजा होते. पपनसाने ते वाढू शकतं, टीबीच्या रिफाम्पिसिनने घटतं. त्यामुळे गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तरी किडनी बदलल्याचं आधी सांगा. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची. पहाटेची एसटी धरून कल्याण-ठाण्याला निघणारे सवयीने ती घरीच घेतात आणि रिपोर्ट चुकतो.

पावसाळ्यात दोन-तीन दिवसांच्या गोळ्या पिशवीत हव्यातच. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात कशी अडकली होती, ते आपल्याकडे सगळ्यांना आठवत असेल.

लघवी कमी होणं, पायाला सूज, अचानक वजन वाढणं, ताप, ओटीपोटात बसवलेल्या किडनीपाशी दुखणं, ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी ट्रान्सप्लांट झालेल्या हॉस्पिटलला फोन करा. अनेकदा मात्र काहीच जाणवत नाही, फक्त क्रिएटिनिन वाढतं. म्हणून तपासणीची तारीख चुकवू नका. वेळेत कळलं तर शिरेतून स्टेरॉइड देऊन बहुतेकदा किडनी वाचवता येते. एखादी गोळी राहिलीच, तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.