अर्ध्या वाटेवरून परतलेले



श्वास थांबला, नाडी लागेना, घरचीं माणसें रडूं लागलीं आणि इतक्यांत रोग्यानें डोळे उघडले, अशा गोष्टी आपण सर्वांनीं ऐकिल्या आहेत. अमेरिकेंतील रेमंड मूडी यांनीं १९७५ सालीं अशा हकीकतींचें पुस्तक प्रसिद्ध केलें. काळोखा बोगदा, पलीकडे तेज आणि एक सीमा, जेथून माघारें फिरावें लागतें. पुढें २००१ सालीं हॉलंडांतील डॉक्टरांनीं हृदय बंद पडून वांचलेल्या ३४४ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ६२ जणांनीं असा अनुभव सांगितला. मेंदूंत त्या वेळीं काय घडतें, हा वाद मी बाजूस ठेवितों. परत आलेल्याकडे त्याचे आप्त कोणत्या दृष्टीनें पाहतात, हा माझा आजचा प्रश्न आहे. आणि त्यासाठीं आफ्रिकेकडे वळतों.

आफ्रिका हा एक देश नव्हे, हें वर्गांत मीं शंभरदां तरी सांगितलें असेल. तेथील समजुतीहि एक नाहींत. घानांतील अकान लोकांच्या परंपरेंत मृताची वाट उभ्या चढणीची असते आणि ती असमान्दो या पूर्वजांच्या देशीं पोंचते; म्हणून मरणाऱ्याच्या मुखांत पाणी घालतात. आपणांस गंगाजल आठवेल; पण तेथें हेतु चढणाऱ्याची तहान भागविण्याचा. कांगो नदीच्या मुखाकडील बाकोंगो लोकांत सीमाच पाण्याची आहे. तिचें नांव कालुंगा. सूर्य येथें मावळला कीं पाण्यापलीकडे मृतांच्या देशीं उगवतो.

गेलेला माणूस तेथें घरांतून उठून जात नाहीं. केनियाचे विद्वान जॉन म्बिटी यांनीं १९६९ सालच्या आपल्या ग्रंथांत अशांस 'जिवंत मृत' म्हटलें आहे. नांव घेऊन स्मरण करणारें कोणी असेल तोंवर तो कुटुंबांतलाच.

परंतु पितर होणें निराळें आणि मध्येंच परतणें निराळें! १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या झांबियांतील हकीकतींत कित्येकांस तो अनुभव शुभ वाटलाच नाहीं. कोणीतरी करणी केली, असें त्यांना वाटलें. बोगदा आणि तेज वाचून आनंदणाऱ्यांनीं हेंहि ध्यानांत घ्यावें.

माझ्या मातोश्री एकदां कडक तापांतून उठल्या आणि नदीपलीकडे कोणी हांक मारीत होतें, असें सांगूं लागल्या. वातांतलें बरळणें समजून आम्हीं त्यांना गप्प केलें. पुढें त्यांनीं तो विषय कधींच काढिला नाहीं, आणि मींहि विचारिलें नाहीं.