कुजबुज ऐकणारी चिप

"बाई, फोन वाजला की दिवा जातो!"

२०१७ सालची गोष्ट. पाचवीच्या मुलांची शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रं ऑनलाइन भरायची होती. मुदतीचा शेवटचा दिवस, अकरा अर्ज बाकी, आणि ऑफिसातल्या मोडेमचा हिरवा दिवा सारखा विझत होता! वायर हलव, मोडेम बंद-चालू कर, असे आम्हा मोठ्यांचे उपाय चालले होते. तेवढ्यात दारात उभी असलेली एक मुलगी वरचं वाक्य बोलली. "मध्ये मध्ये बोलू नकोस," असं मी तिला दटावलंसुद्धा. पण तिनं वहीचं मागचं पान पुढे केलं. त्यावर लिहिलं होतं : फोन चार वेळा वाजला, दिवा चारही वेळा गेला.

तिचं म्हणणं खरं होतं का? ते शेवटी सांगते. आधी मोडेमच्या पोटात डोकावू या.

आमचा मोडेम एडीएसएल पद्धतीचा होता, म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट आणणारा. बीएसएनएलने अशी ब्रॉडबँड सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू केली. आता पुष्कळ ठिकाणी फायबर आलं आहे, पण तांब्याच्या तारेची गंमत समजून घेण्यासारखी आहे.

एकाच तारेवर बोलणंही आणि इंटरनेटही, मग दोन्हींची सरमिसळ कशी होत नाही? बाजाची पेटी आठवा. तिच्यावर एका बाजूला खर्जाचे सूर, दुसऱ्या बाजूला उंच सूर. फोनवरचं बोलणं तारेवरच्या खालच्या पट्ट्या वापरतं, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं. इंटरनेट पार वरच्या पट्ट्यांत असतं, सुमारे २६ हजार ते ११ लाख ४ हजार हर्ट्झ. त्यातलाही खालचा छोटा भाग आपण पाठवायचा आणि वरचा मोठा भाग आपल्याकडे यायचा. म्हणून तर डाउनलोड झटपट होतं आणि अपलोड रेंगाळतं!

आता खरी अडचण. संगणकाला कळतात फक्त ० आणि १. तारेवर मात्र आकडे नसतातच. तिथे असतो विजेच्या दाबाचा सलग चढउतार, पाण्यावरच्या लाटांसारखा. अशा सलग चढउताराला ॲनालॉग म्हणतात. लाटांचे आकडे आणि आकड्यांच्या लाटा कोण करतं? मोडेममधली ॲनालॉग फ्रंट-एंड नावाची चिप. फ्रंट-एंड म्हणजे पुढची बाजू. तारेच्या अगदी तोंडाशी बसते, म्हणून हे नाव. आपण तिला दुभाषी म्हणू या.

पाठवताना दुभाष्याचं काम सोपं असतं. आकडे घ्यायचे, त्यांची लाट करायची, लाटेचे खडबडीत कंगोरे गाळणीने काढायचे आणि जोर लावून तारेवर सोडायची.

ऐकताना मात्र कसोटी लागते. टेलिफोन एक्स्चेंजमधून निघालेली लाट दोन-तीन किलोमीटर तारेतून येता येता हजारो पटींनी क्षीण होते. म्हणजे नुसती कुजबुज! आणि त्याच वेळी, त्याच तारेवर मोडेम स्वतः मोठ्यानं बोलत असतो. आपण ओरडत असताना पलीकडच्याची कुजबुज ऐकून पाहा बरं! यासाठी मोडेममध्ये एक खास जोडणी असते. आपण काय बोलतो ते तिला ठाऊकच असतं. तेवढं ती वजा करते. उरते ती पलीकडची कुजबुज आणि थोडा गोंगाट. मग गाळणी नको त्या पट्ट्या अडवते, ॲम्प्लिफायर कुजबूज मोठी करतो आणि शेवटी येतो मोजणारा.

मोजणारा लाटेची उंची ठरावीक वेळानं मोजत राहतो. किती वेळा मोजायचं? हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन या शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून नियम मिळाला : सर्वांत जलद लाट जेवढी कंपनं करते, त्याच्या दुपटीहून जास्त वेळा. म्हणजे इथे सेकंदाला सुमारे २२ लाख वेळा! मोजणारा १४ बिटांचा असेल, तर त्याच्या पट्टीवर १६,३८४ खुणा असतात. एवढ्या बारीक खुणा कशाला? कुजबुजीतला बारीकसा फरकही निसटू नये म्हणून.

घरी करून पाहा. आलेखाच्या कागदावर नागमोडी रेघ काढा. दर दोन घरांनी तिची उंची मोजून फक्त आकडे लिहा आणि ते मित्राला द्या. तो ठिपके देऊन रेघ जोडेल. मग दर दहा घरांनी मोजून पाहा. आधीची लाट परत मिळते का?

आता आमच्या ऑफिसात परत येऊ. वही पाहून हेडसरांनी लाइनमनला बोलावलं. त्यानं बघताक्षणी विचारलं, "हा दुसरा फोन कधी लावला?" मागच्याच आठवड्यात लावला होता, आणि तोही थेट तारेवर. फोन आणि मोडेम यांच्या पट्ट्या वेगळ्या ठेवणारी डबी असते, तिला स्प्लिटर म्हणतात. नवा फोन त्या डबीतून घेतलाच नव्हता. फोनची घंटी वाजवण्यासाठी तारेवर सत्तर-ऐंशी व्होल्टच्या आसपास दाब येतो. घंटी वाजली, कुणी रिसीव्हर उचलला, की त्या फोनमुळे तारेवर खडखडाट व्हायचा. कुजबुज त्यात बुडायची आणि दिवा जायचा.

लाइनमननं नवा फोन डबीतून जोडला. फोन वाजला. आम्ही सगळे दिव्याकडे बघत राहिलो. दिवा हलला नाही!

संध्याकाळपर्यंत अकराही अर्ज गेले. त्यांतला नववा त्याच मुलीचा होता. सगळं झाल्यावर मी तिला म्हटलं, "चुकलं गं माझं, आधीच ऐकायला हवं होतं." ती नुसती हसली आणि म्हणाली, "बाई, वहीचं ते पान फाडू का?"

"मुळीच नाही," मी म्हटलं. "तारीख घाल आणि जपून ठेव."

मुलांनो, तुम्हालाही काही वेगळं दिसलं, तर आधी मोजा आणि लिहून ठेवा. आणि पालकहो, पोरं काही सांगत असली, तर क्षणभर थांबून ऐका.