बर्लिनचं वार्तापत्र : यंत्र त्यांचं, नोटीस दुकानदाराला

जर्मनीतल्या एखाद्या लहानशा सायकल-दुकानाची वेबसाइट उघडली, तर सायकलींच्या आधी कुकींची परवानगी मागणारी चौकट समोर येते. जाहिरातींसाठी लोकांचा माग काढणाऱ्या कंपन्यांना वेसण घालावी, हा 25 मे 2018 पासून लागू झालेल्या युरोपीय नियमावलीमागचा एक हेतू. तो रास्तच आहे. माझा आक्षेप आहे तो जबाबदारीच्या वाटणीवर. कील इथल्या एका शिक्षणसंस्थेच्या खटल्यात युरोपीय न्यायालयानं जून 2018 मध्ये ठरवलं, की फेसबुकवर पान चालवणाराही फेसबुकबरोबर जबाबदार. पुढच्या वर्षी ‘लाइक’चं बटण वेबसाइटवर लावणाऱ्या कपडेविक्रेत्यालाही तोच न्याय लागला. बटणाआड काय चालायचं ते ठरवणार फेसबुक! आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तशातली ही गत. जानेवारी 2022 मध्ये तर म्युनिकच्या न्यायालयानं, गूगलच्या सर्व्हरवरून फॉण्ट आणल्यामुळे पाहुण्याचा आयपी पत्ता गूगलला कळला म्हणून, वेबसाइटवाल्याला 100 युरो भरपाई द्यायला लावली. तोच फॉण्ट स्वतःच्या सर्व्हरवर फुकट ठेवता येतो, पण हे माहीत असायला हवं. त्याच वर्षी देशभर नोटिसा सुटल्या : 170 युरो भरा नि प्रकरण मिटवा. वकील गाठण्यापेक्षा पैसे भरणं स्वस्त, एवढ्यावरच तो धंदा चालला. अखेर डिसेंबरात बर्लिनच्या सरकारी वकिलांनी नोटिसा धाडणाऱ्यांवरच छापे घातले.

नियमावलीच्या धास्तीचा फायदा कोणाला झाला? 27 हजारांहून अधिक वेबसाइटींच्या एका अभ्यासात दिसलं, की नियमावली लागू झाल्यावर आठवड्याभरात बाहेरच्या कंपन्यांची तंत्रसाधनं वापरणं 15 टक्क्यांनी घटलं, पण बाजाराचं केंद्रीकरण 17 टक्क्यांनी वाढलं. वेबसाइटवाल्यांनी लहान पुरवठादार सोडले, गूगल आणि फेसबुक ठेवले.

मग छोट्यांना सरसकट सूट द्यावी का? नाही. माग काढण्याचं काम याच हजारो लहान वेबसाइटींवरून चालतं; सूट दिली की भगदाड तिथेच पडेल. दुसरीकडे फेसबुकनं डिसेंबर 2020 मध्ये माग काढण्यावरच्या अॅपलच्या निर्बंधांविरुद्ध वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन छोट्या उद्योगांचा कैवार घेतला होता. ते अगदीच खोटं नव्हतं : देशभर विखुरलेल्या मोजक्या गिऱ्हाइकांना डाव्या हाताच्या कात्र्या विकणाऱ्याला नेमकी जाहिरात लागतेच. गल्लीतल्या बेकरीला मात्र पिनकोड पुरतो. दोघांनाही सूट नको आहे. साधन कायद्यात बसतं याची हमी ते बनवणाऱ्यानं द्यावी, एवढंच हवं आहे.

नोव्हेंबर 2025 मध्ये युरोपीय आयोगानं मांडलेल्या प्रस्तावात, कुकींबद्दलची पसंती ब्राउझरमध्येच एकदा नोंदवता यावी अशी सोय आहे. त्यानं चौकटी कमी होतील, हे खरं. पण लोक वापरतात ते ब्राउझर बहुतांशी गूगल आणि अॅपलचेच, आणि बाहेरचं साधन लावणाऱ्या दुकानदाराची जबाबदारी त्यानं हलत नाही.