जांभईची लागण आणि इतर समजुती

एकाने जांभई दिली की शेजारच्यालाही येते, हे कोणाला सिद्ध करून दाखवावे लागत नाही. ती का येते, याचे जे खुलासे घरोघर दिले जातात ते मात्र बहुतेक चुकीचे आहेत. एक जुना खुलासा प्राणवायूचा. खोलीत माणसे दाटली, हवा कोंदली, रक्तातला प्राणवायू घटला, म्हणून सगळे एकापाठोपाठ जांभया देतात, असे म्हटले जाते. अमेरिकेतील मेरीलँडमध्ये काम करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी १९८७ मध्ये हे थेट तपासले. त्यांनी विद्यार्थ्यांना शुद्ध प्राणवायू दिला, तशीच कार्बन डायऑक्साइड मुद्दाम वाढवलेली हवाही दिली. कार्बन डायऑक्साइडने श्वासाची गती वाढली. जांभयांमध्ये फरक पडला नाही. शिवाय गर्भातले बाळही जांभई देते, आणि त्याच्या फुप्फुसात तर हवाच नसते.

आपसूक येणारी जांभई आणि दुसऱ्याची पाहून लागणारी जांभई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जन्माआधीपासून असते, दुसरी साधारण चार-पाच वर्षांच्या वयात दिसू लागते. प्रोव्हाइन यांच्याच १९८६ च्या प्रयोगात पाच मिनिटांत तीस जांभयांची चित्रफीत पाहणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोकांनी जांभई दिली. हसऱ्या चेहऱ्यांची चित्रफीत पाहणाऱ्यांत हे प्रमाण २१ टक्के होते. नुसते उघडे तोंड दाखवले तर लागण फारशी होत नाही, आणि तोंड झाकून बाकीचा चेहरा दाखवला तरी ती होते. म्हणजे तोंडावर हात धरल्याने शिष्टाचार पाळला जातो, शेजारी वाचत नाही. जांभईविषयी वाचणे किंवा नुसता विचार करणेही तिला पुरते.

या शेवटच्या गोष्टीतून एका घरगुती समजुतीचा उलगडा होतो. लहान मुलाची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढताना काढणारीला जांभया येऊ लागल्या की दृष्ट जबर होती असे मानतात. वेळ बहुधा संध्याकाळची, काढणारी दिवसभर राबलेली, मूल पेंगुळलेले, आणि सगळ्यांचे लक्ष जांभई येते का याच्यावरच. अशा वेळी ती न आली तरच नवल.

अलीकडचा गैरसमज अधिक सुशिक्षित आहे: ज्याला जांभई लागत नाही तो निर्दय. याला थोडा आधार आहे. २०११ मध्ये इव्हान नॉर्शिया आणि एलिझाबेत्ता पालाजी यांनी नोंदवले की लागण घरच्यांमध्ये सर्वाधिक, मग मित्रांमध्ये, मग ओळखीच्यांमध्ये आणि परक्यांत सर्वांत कमी होते. पण आपल्या माणसाच्या चेहऱ्याकडे लक्षही जास्त असते, हे विसरून चालत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ३२८ जणांची चाचणी झाली. २२२ जणांना निदान एकदा जांभई लागली, परंतु सहानुभूती मोजणाऱ्या प्रश्नावलीशी तिचा ठोस संबंध आढळला नाही. वयाशी थोडा आढळला: वय वाढले की लागण कमी. सभेत मख्ख बसलेल्या आजोबांच्या काळजाविषयी त्यावरून काही सांगता येत नाही.

या सगळ्याचे उत्तर हल्ली दोन शब्दांत दिले जाते: मिरर न्यूरॉन. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीतील पार्मा येथे जाकोमो रिझोलाती यांच्या गटाला मकाक माकडांच्या मेंदूच्या एका भागात अशा पेशी सापडल्या, ज्या माकडाने वस्तू उचलली तेव्हाही चेतत आणि दुसऱ्याला ती उचलताना पाहिले तेव्हाही. शोध खरा आहे आणि मोठाही आहे. पण १९९६ च्या अहवालानुसार त्या भागातल्या तपासलेल्या ५३२ पेशींपैकी अशा पेशी ९२ होत्या, आणि त्या हाताच्या व तोंडाच्या हालचालींशी निगडित होत्या. दुसऱ्याच्या दुःखाशी नव्हे. २००० मध्ये व्ही. एस. रामचंद्रन यांनी भाकीत केले की जीवशास्त्रासाठी डीएनएने जे केले ते मानसशास्त्रासाठी या पेशी करतील. तेव्हापासून सहानुभूती, भाषा, संस्कृती, अगदी स्वमग्नता, सगळे त्यांच्या खात्यावर जमा होऊ लागले. स्वमग्न मुलांचे ‘आरसे फुटलेले असतात’ हा सिद्धान्त पुढच्या चाचण्यांत टिकला नाही. माणसात अशा पेशींची थेट नोंद झाली ती २०१० मध्ये, उपचारासाठी मेंदूत तारा बसवलेल्या २१ अपस्माराच्या रुग्णांमध्ये.

पेशींची कथा बाजूला ठेवली तरी चेहरा चेहऱ्याला उत्तर देतो, हे पक्के आहे. स्वीडनमधील उल्फ डिमबेरी यांनी २००० मध्ये लोकांना हसरे आणि रागीट चेहरे अवघे ३० मिलिसेकंद दाखवले आणि लगेच दुसऱ्या चित्राने झाकून टाकले. आपण नेमके काय पाहिले हे पाहणाऱ्यांना कळले नाही. तरी हसऱ्या चेहऱ्याला गालाच्या स्नायूने आणि रागीट चेहऱ्याला भुवईच्या स्नायूने प्रतिसाद दिला. हा प्रतिसाद डोळ्यांना दिसत नाही, त्वचेवर चिकटवलेल्या विद्युतपट्ट्यांनाच कळतो. स्नायू हलला म्हणजे मनःस्थिती बदलली, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही.

याहून खोल परिणाम ताणाचा होतो. जर्मनीत लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेत २०१४ मध्ये लोकांना परीक्षकांसमोर मुलाखत आणि तोंडी गणिते यांना सामोरे जायला लावले, आणि दुसऱ्यांना ते फक्त पाहायला सांगितले. पाहणाऱ्यांपैकी २६ टक्के लोकांच्या शरीरातही कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक लक्षणीय वाढले. समोर जोडीदार असेल तर प्रमाण ४० टक्के, परका असेल तर १० टक्के. पडद्यावर पाहणारेही सुटले नाहीत. दुसऱ्याची धडधड आपल्याला होते ही बोलण्याची पद्धत नव्हे, ती लाळेच्या नमुन्यात मोजता येते. पण बहुसंख्य पाहणाऱ्यांना काहीही झाले नाही, हेही त्याच आकड्यांत आहे.

‘त्याच्या लहरी पोचतात’ या आवडत्या खुलाशाला स्पेनमधल्या एका गावाने परस्पर उत्तर दिले आहे. सान पेद्रो मान्रिके येथे दर वर्षी जूनमध्ये लोक निखाऱ्यांवरून चालतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चालणाऱ्यांच्या आणि पाहणाऱ्यांच्या छातीवर हृदयगती मोजणारी यंत्रे बांधली होती. चालणाऱ्याच्या नातलग-मित्रांच्या हृदयगतीचा चढउतार त्याच्या चढउताराशी जुळला. बाहेरून आलेल्या प्रेक्षकांचा जुळला नाही. धग तीच होती, गर्दी तीच होती, दृश्यही तेच होते. लहरी असत्या तर त्यांनी नाते विचारले नसते.

एकत्र राहणाऱ्या मुलींची पाळी हळूहळू एकाच वेळी येऊ लागते, ही वसतिगृहांतली ठाम समजूत. तिला १९७१ मध्ये शास्त्राचा शिक्का मिळाला: मार्था मॅक्क्लिंटॉक यांनी एका अमेरिकी महाविद्यालयातील १३५ विद्यार्थिनींच्या नोंदींवरून तसा निष्कर्ष ‘नेचर’मध्ये मांडला. पुढे त्यातील मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप आले, आणि २००६ मध्ये चीनमधील वसतिगृहांतल्या १८६ जणींच्या वर्षाहून अधिक काळच्या नोंदींत असे जुळणे आढळले नाही. समजूत टिकते ती साध्या गणितामुळे. चक्र २८ दिवसांचे धरले तर दोघींच्या तारखांत जास्तीत जास्त १४ दिवसांचे आणि सरासरी सातच दिवसांचे अंतर असू शकते. पाळी चार-पाच दिवस चालते, तेव्हा दिवस एकमेकांवर येणारच. आणि जुळले तेवढेच महिने लक्षात राहतात.

दुसऱ्याची हालचाल डोळ्यांवाटेच पोचते असेही नाही. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी उघडला आणि गर्दीच्या पावलांखाली आडवा डुलू लागल्याने दोन दिवसांत बंद करावा लागला. लोक नकळत एका तालात चालू लागले म्हणून पूल हलला, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०२१ च्या एका विश्लेषणाने हा क्रम उलटा ठरवला. जमीन थोडी हलली की प्रत्येक जण तोल राखायला पाय किंचित बाजूला टाकतो. पावलांचा ताल जुळलेला नसला तरी या सावरण्याची बेरीज पुलाला आणखी ढकलते. ताल जुळतो तो नंतर, पूल चांगला हलू लागल्यावर. पुलाला हादरे शोषणारी उपकरणे बसवून तो २००२ मध्ये पुन्हा खुला झाला.