एकाच विषाची अनेक मापे

वाडीतील फवारणी असो वा घरातील डासांचा बंदोबस्त, कीटकनाशके आता आपल्या नित्याच्या वापरात आहेत. ‘हे औषध माणसाला फारसे बाधत नाही’ असे दुकानदार सांगतो व आपण निश्चिंत होतो. या विधानात तथ्य असते. पण ते प्रत्येक देहाला सारखे लागू पडत नाही.

आपल्या यकृतात व रक्तात विकरे, म्हणजेच एन्झाइम, असतात. ती विषाचे विघटन करून ते लघवीवाटे बाहेर पडेल असे करतात. डासांवरील धूरफवारणीत वापरले जाणारे मॅलॅथिऑन घ्या. कीटकांच्या शरीरात त्याचे अधिक जहाल अशा मॅलॅऑक्सॉनमध्ये रूपांतर होते व कीटक मरतो. सस्तन प्राण्यांत मात्र कार्बॉक्सिलएस्टरेज हे विकर त्याचा बराचसा भाग आधीच निकामी करते. ही ढाल अभेद्य नाही. १९७६ साली पाकिस्तानात मलेरियाविरोधी मोहिमेत वापरलेल्या मॅलॅथिऑनमध्ये आयसोमॅलॅथिऑनची भेसळ झाली होती. त्या घटकाने हेच विकर निष्प्रभ केले. सुमारे २८०० कामगारांना विषबाधा झाली आणि पाच जण दगावले.

सस्तन प्राण्यांतही भेद आहेत. कुत्र्याच्या पिसवांवरील पर्मेथ्रिनयुक्त औषध कुत्र्याला सहसा सोसते. तेच मांजराला लावल्यास थरथर, झटके, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. अशी द्रव्ये शरीराबाहेर टाकण्यास मदत करणारी विकरे मांजरात अपुरी असतात. देवमासे व डॉल्फिन यांच्यात तर क्लोरपायरीफॉससारख्या कीटकनाशकांपासून बनणारे विष फोडणारे पॅराऑक्सोनेज हे विकर उत्क्रांतीच्या ओघात निकामी झाल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब पुढे आहे. नवजात बालकात हेच पॅराऑक्सोनेज प्रौढांच्या तुलनेत बरेच कमी असते; ते हळूहळू वाढते. बापाला जी मात्रा जाणवणारही नाही, ती मांडीवरील लेकराला घातक ठरू शकते.

म्हणून फवारणीनंतर कपडे बदलून, अंग धुऊनच मुलांना जवळ घ्यावे. फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत. कीटकनाशक पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. विषबाधेची शंका येताच डॉक्टरांकडे जावे व जाताना औषधाचे वेष्टन सोबत न्यावे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात कीटकनाशकांमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा उल्लेख केला आहे. सृष्टीचे राखणदार म्हणून आपली जबाबदारी स्पष्ट आहे : सुरक्षिततेचे माप घरातील धडधाकट माणसावरून नव्हे, तर पाळण्यातील बाळावरून ठरवावे.